चार दिवसांची दाढी

६ फेब्रुवारी

आबा,

फोनवर बंदी तुम्हीच घातली होती, म्हणून लिहितोय. "फोनवर तू तोंडाला येईल ते बोलतोस. लिहीत जा. लिहिताना हात थांबतो, तेवढ्यात अक्कल येते." तीन वर्षं झाली त्याला. माझा हात जो थांबला तो थांबलाच. अक्कल आली का ते तुम्ही ठरवा.

ताईने कळवलं की आता तुम्हाला अंधुकसुद्धा दिसत नाही, आणि झटका आल्यापासून उजवा हात उठत नाही. तुमच्यासाठी तिने एक माणूस ठेवलाय, तो घरातच राहतो आणि माझ्या कॉटवर झोपतो, हेही कळलं. म्हणजे हे पत्र तुम्हाला तोच वाचून दाखवणार.

तर वाचणाऱ्या, आधी तुझ्याशी बोलून घेतो. हे पत्र माझं आणि माझ्या बापाचं आहे. जसं लिहिलंय तसं वाच. पदरचं घालू नकोस, गाळू नकोस आणि मध्ये मध्ये खाकरू नकोस.

आबा, मी बरा आहे. मासळीच्या थंड गोदामातलं काम सोडलं, मग डांबराचं सोडलं, मग ट्रक धुवायचं सोडलं. तुम्ही म्हणायचात, ही भिंगरी थांबली की पडेल. आता जे काम धरलंय त्यात पडून चालत नाही. उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुतो, दोरावर लटकून. एका हातात साबणाचा केसाळ रोळ, दुसऱ्या हातात रबराची पट्टी. फेस लावायचा, पट्टी वरून खाली ओढायची, कमरेच्या फडक्याला पुसायची, पुन्हा ओढायची. पहिल्या दिवशी अठ्ठाविसाव्या मजल्यावर मला एकदम हसू फुटलं. शेजारच्या दोरावरचा जोडीदार घाबरला, त्याला वाटलं उंची डोक्यात गेली. तुमच्या दुकानातून पळालो, आणि इतक्या लांब येऊन करतोय काय, तर इमारतींची दाढी!

हसलात का? वाचणाऱ्या, ते हसले का ते खाली लिहून कळव. नको, राहू दे. कळवू नकोस.

आता मुद्द्याचं. ताई म्हणाली, तो माणूस तुम्हाला आंघोळ घालतो, भरवतो, आणि दाढीही करतो. तुमच्याच वस्तऱ्याने. आबा, चाळीस वर्षं सगळ्या पेठेचे गळे तुमच्या हाताखाली होते आणि स्वतःच्या गळ्याला तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. मला लावू दिलात, तो एकदाच. आणि हा कोण टिकोजीराव?

मुलगा धडधाकट असताना बापाची दाढी परक्याने करायची, हे मला पटत नाही. मी रजेचं बघतोय. आलो की याला निरोप द्यायचा. पुढचं मी करीन, माझ्या हाताने. ताईलाही तसं सांगितलंय.

तुमचा
भिंगरी


२ मार्च

आबा,

उत्तर मिळालं. अक्षर त्याचं आहे. सुरेख आहे, शाळामास्तरासारखं. हेही मला सहन करावं लागतंय.

पत्रात तुम्ही म्हणता, "पट्टी कोरडी ओढू नकोस, काचेलाही ओरखडा जातो." हे वाक्य तुमचं आहे? की त्याने तुमच्या नावावर खपवलं? तुमचं वाटतं खरं. पण तो दिवसभर तुमच्याजवळ असतो, एव्हाना तुमच्यासारखं बोलायला शिकला असेल. मी चौदा वर्षं तुमच्या हाताखाली राहून शिकलो नाही ते.

ताईचा फोन आला होता. ती चिडली होती. "आबा त्यांचं ऐकतात," म्हणाली. "दादा आल्यापासून पाठीला एक जखम नाही झाली." दादा? मी म्हटलं, कोण दादा? तर म्हणे, त्यांनाच म्हणते मी दादा. घ्या! मी धाकटा म्हणून जन्मभर 'अरे'वर राहिलो, आणि बाहेरचा माणूस सहा महिन्यांत दादा झाला.

मी म्हटलं, परक्याच्या हातात बापाला देताना काही वाटलं नाही का तुला? ती मग म्हणाली, "चौदा महिने मी एकटीने उचललं त्यांना. बेकरीतली पहाटेची पाळी संपवून यायचं आणि उचलायचं. कंबर गेली माझी. मुलगा म्हणून जन्माला आलास म्हणजे उचलायला येतं असं नाही रे. तुझं हे 'मी करीन' आहे ना, ते तिथेच काचेवर लिही, आणि मग पूस." फोन ठेवला.

आबा, तुमची लेक तुमच्यावर गेलीय.

आता एक परीक्षा. हे तुमचंच उत्तर आहे हे मला कळायला हवं. मी पहिल्यांदा, म्हणजे एकदाच, तुमच्या गालावर वस्तरा धरला तेव्हा कुठे कापलं होतं? आणि तुम्ही काय म्हणाला होतात? दुकानात तेव्हा आपण दोघंच होतो. तिसऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही.

आणि वाचणाऱ्या, तुलाही एक विचारतो. तुला स्वतःचे आईबाप नाहीत का?

भिंगरी


२६ मार्च

आबा,

बरोबर आहे. हनुवटीखाली, डावीकडे. आणि तुम्ही म्हणाला होतात, "गिऱ्हाईक असतं तर उठून गेलं असतं. बाप आहे, बसलाय."

मला वाटलं होतं, ते वाक्य माझ्या एकट्याचं आहे. इतकी वर्षं ते मी खिशात घेऊन फिरलो. गोदामात बोटं बधिर व्हायची तेव्हा ते काढून बघायचो. आणि तुम्ही ते बसल्या बसल्या त्याला सांगून टाकलंत, लिहून घे म्हणून. परीक्षा मीच घेतली आणि नापासही मीच झालो.

त्यावर याने खाली बारीक अक्षरात स्वतःचं जोडलंय. "तो वण हाताला लागतो. तिथे मी वस्तरा उचलून घेतो." वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो वण मी केलाय. माझा आहे तो. तुझ्या हाताला का लागावा?

दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर दिलंय त्याने. आई आहे म्हणे. एक शेजारीण बघते तिला. हा वर्षातून दोनदा जातो.

वा! स्वतःची आई शेजारणीच्या गळ्यात आणि हा इथे माझ्या बापाच्या गळ्याशी. वाचणाऱ्या, हे वाक्य जरा मोठ्याने वाच. आबांना नीट ऐकू जाऊ दे.

दहा एप्रिलला पोचतो. दोन आठवड्यांची रजा आहे.

भिंगरी


२ मे

आबा,

आठ दिवस झाले येऊन, पुन्हा दोरावर आहे. घरी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही तिथेच होतात. पण तुम्हाला दिसलं नाही ते सांगायचं राहिलं. समोर बसून सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. हे तो वाचणार हे माहीत आहे. वाचू दे.

आल्या दिवशी मी त्याला ताईकडे राहायला पाठवलं. त्याने पिशवी भरली, दारात माझ्याकडे बघून म्हणाला, "उठवताना आधी त्यांना सांगा, मग हात घाला." मी म्हटलं, माझा बाप आहे, मला शिकवू नका. तो मान हलवून गेला. तुम्हाला फक्त दार लागल्याचा आवाज आला असेल.

मग मी तुम्हाला उठवायला गेलो, न सांगता. तुम्ही घाबरून माझी कॉलर धरलीत आणि आपण दोघं गादीवर आडवे झालो. तुम्ही विचारलंत, "कोण आहे?" मी म्हटलं, मी. तुम्ही म्हणालात, "मी म्हणजे कोण?" तेव्हा माझं तोंड कसं झालं होतं ते तुम्हाला दिसलं नाही, हे बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी दाढी. सगळं तुमच्या पद्धतीने मांडलं होतं. वाटीत कोमट पाणी, ब्रश, तुरटी, खुंटीला पट्टा. वस्तऱ्याला धार लावली, फेस केला. डावा गाल झाला. मग तुमचा चेहरा पलीकडे वळवायचा होता आणि तो वळेना. दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाच्या हनुवटीला नुसतं बोट लावायचात आणि लोकांचे चेहरे वळायचे, अर्धवट झोपेतसुद्धा. तुमची मान मात्र लाकडासारखी. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग जबडा धरून वळवला. तुम्ही म्हणालात, "पुरे."

दिवसभर तुम्ही अर्धे गुळगुळीत आणि अर्धे पांढरे खुंट, असे बसून राहिलात. संध्याकाळी ताई आली, तुम्हाला बघून इतकी हसली की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "काय रे हे? आबा, तुम्हाला अर्ध्यातच सोडून पळाला की काय हा?" तुम्हीही हसलात. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसलो. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच ताईकडे गेलो. तो जिन्यात बसून तिच्या पोरांचे बूट पुसत होता. म्हटलं, चला. त्याने का म्हणून विचारलं नाही.

त्याने हात धुतले. चोळून गरम केले. तुमच्या खुर्चीशी आला, म्हणाला, "आबा, मी आहे. उजवीकडचं राहिलंय." हनुवटीखाली एक बोट ठेवलं आणि थांबला. काहीच केलं नाही, नुसता थांबला. आणि तुमचा चेहरा आपोआप वळला.

आबा, अठ्ठाविसाव्या मजल्यावरून खाली बघताना मला काही होत नाही. त्या दिवशी आपल्या पहिल्या मजल्याच्या जिन्यात मला कठडा धरावा लागला. तुम्ही विचारत होतात, "कुठे गेला तो?" आणि तो म्हणाला, "पाणी आणायला गेलाय." पाणी तिथेच होतं. तुम्हाला दिसलं नाही.

मी आत आलो तर याने खिडकीशी स्टूल ओढलं होतं. गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि मला म्हणाला, "माझ्यावर करा. चेहरा मोठा आहे, चुकायला भरपूर जागा आहे." मी बघतच राहिलो. तुम्ही म्हणालात, "कर. आवाज ऐकतो मी." तुमच्या आवाजात दुकान होतं, पहिल्यांदाच, इतक्या वर्षांनी.

आता जे लिहितो ते नीट ऐका. मी त्याच्या गळ्याशी वस्तरा धरला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. घाटी खालीवर होत होती. माझ्या मनात आलं, माझी पत्रं इथूनच वाचली जातात. इथूनच तुम्हाला "आबा, मी आहे" ऐकू येतं. वाईट काही करणार नव्हतो. पण मनात जे आलं ते आलं, आणि हात तिथेच थांबला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "कोरडा वाजतोय. पाणी घे." मी पाणी घेतलं. मग "आता फार दाबतोयस." मग बराच वेळ काही नाही. मग "हं." तो 'हं' मला होता ना? की त्याला, नीट बसलाय म्हणून? खरं सांगा.

आणि कानाजवळ मी त्याला कापलं. तुम्ही लगेच म्हणालात, "थांबलास. कापलंस ना?" आणि हा माणूस म्हणाला, "नाही हो आबा. मलाच खाज सुटली म्हणून हललो." टॉवेलवर रुपयाएवढा लाल डाग होता. त्याने टॉवेलची घडी घालून डाग आत घेतला आणि मला डोळ्यांनी म्हणाला, पुढे चला. तुम्हाला हे दिसलं नाही. म्हणून लिहितोय. वाचणाऱ्या, हे गाळू नकोस.

त्यानंतर रोज सकाळी आधी त्याची आणि मग तुमची. शेवटच्या दिवशी मी हनुवटीखाली बोट ठेवलं आणि मनात शंभर मोजायला घेतले. सत्तरच्या पुढे तुमची मान वळली. अर्धीच. उरलेली मी वाकून, तुमच्या खुर्चीला वळसा घालून केली. पण अर्धी वळली, हे तुम्हीही नाकारू शकत नाही.

निरोप मी त्याला दिला नाही, स्वतःच घेतला. पण तो मला आवडायला लागलाय असं समजू नका. काल काच धुताना आतल्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले होते आणि एक बाई त्यांना चमच्याने काहीतरी भरवत होती. मुलगी होती की ठेवलेली, बाहेरून कळेना. मी तीच काच तीनदा पुसली तरी कळलं नाही. जोडीदार वरून ओरडला, "अरे, भोक पाडणार आहेस का काचेला?"

भिंगरी


३० ऑगस्ट

दादा,

हे पत्र तुम्हाला आहे. आबांना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची चिठ्ठी मिळाली. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि शेजारणीला एकटीला झेपत नाही. तुम्हाला तीन आठवडे जायचंय. "तुम्हाला जमणार नसेल तर दुसरा माणूस बघून देतो," असं लिहिलंत.

खोटं कशाला लिहू, वाचल्यावर मला आधी आनंद झाला. तुमची आई पडली आणि मला आनंद झाला, की आता आबांना माझ्याशिवाय कोणी नाही. दोरावर लटकून चिठ्ठी वाचली आणि शीळ घातली. मग खालची ओळ पुन्हा वाचली. "ती माझ्या हातचं खाईल का माहीत नाही. तिला त्या बाईंची सवय झालीय." तेव्हा शीळ बंद पडली. मार्चमध्ये मी जे मोठ्याने वाचायला लावलं होतं, ते तुम्ही आबांना वाचून दाखवलंत का हे मी घरी असताना विचारणार होतो. धीर झाला नाही. नंतर ताईने सांगितलं, शब्दनशब्द वाचलंत म्हणून. आवाजसुद्धा चढवलात म्हणे.

दुसरा माणूस बघू नका. मी येतोय. मुकादम म्हणाला, "परत येशील तेव्हा तुझा दोर मोकळा असेलच असं नाही." मी म्हटलं, दोर काय, पुष्कळ सोडलेत. पण या वेळी सोडून पळत नाहीये, हे त्याला सांगून उपयोग नव्हता, म्हणून तुम्हाला सांगतो. तीन आठवड्यांनी तुम्ही परत या. तुमची कॉट मी अडवणार नाही, खाली गादी टाकीन. आल्यावर आबा कुणाच्या हाताला वळतात ते बघू. तुमच्याच हाताला वळतील. तेव्हा मला पुन्हा पोटात दुखेल, आत्ताच सांगून ठेवतो.

तुम्ही मला शिकवलंत, म्हणून मीही आगाऊपणा करतो. आईकडे गेलात की पहिल्याच दिवशी त्या बाईंना घरी पाठवू नका. मी केलं ते करू नका. आई विचारेल, "कोण आहे?" त्याचा राग मानू नका. भरवायच्या आधी सांगा. हात गरम करून घ्या. बोट ठेवा आणि थांबा. शंभरपर्यंत मोजा, पुन्हा शंभर मोजा. ती बाई दारातून बघत असेल आणि तिच्या नुसत्या आवाजाने तुमची आई वळेल, तेव्हा तुम्हाला जिन्याचा कठडा धरावासा वाटेल. धरा. पाणी आणायला गेलात असं ती बाई सांगेल, चांगली असली तर.

मी गुरुवारी सकाळी पोचतो. तुमची गाडी दुपारची आहे, असं ताई म्हणाली. मधल्या वेळात उठवणं, बसवणं, पाठ पुसणं पुन्हा एकदा दाखवा. ताईलाही बोलावलंय. तिची कंबर आणि तिचं तोंड, दोन्ही मला सांभाळायचंय.

आता एक मागणं आहे. नाही म्हणू नका. सोमवारपासून आबांच्या दाढीला हात लावू नका. ते चिडतील. चाळीस वर्षांत एक दिवस चुकवला नाही त्यांनी. खाजेल, शिव्या देतील, तुम्हाला आळशी म्हणतील, ताईला फोन करायला लावतील. ऐकून घ्या. विचारलं तर सांगा, वस्तरा धार लावायला दिलाय, भिंगरी घेऊन येतोय.

चार दिवसांची वाढू द्या. चांगली दाट. मला वेळ लागतो, आणि मला तो हवाय.

तुमचा धाकटा